मॅन्ह्वामध्ये माणसांच्या मागे एकदम गुलाब का उगवतात?

तुम्ही विचारलंय की मॅन्ह्वा म्हणजे कोरियन कॉमिक्स आणि मॅन्हुआ म्हणजे चायनीज कॉमिक्स, यांच्यामध्ये भर भांडणातसुद्धा मागे मध्येच गुलाब, चमचम, लेस कुठून येते आणि गोष्टीतल्या सगळ्या ड्यूकचे, म्हणजे बड्या सरदारांचे, वाडे सारखेच कसे. मी रोज रात्री हेच वाचते म्हणून सांगते.

फुलं म्हणजे जागा नाहीच हो, तो मनातला मूड आहे. हे जपानी शोजो मांगातून, म्हणजे मुलींसाठीच्या कॉमिक्समधून, आलंय, 1950 च्या दशकात माकोतो ताकाहाशींनी मुलींभोवती फुलं आणि डोळ्यांत तारे काढले, तिथून ते रुजलं. आणि मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचायचं म्हटल्यावर स्क्रीनवर एकच चेहरा मावतो, खोली कुठे दाखवणार, मग मागे गडद-फिका होत जाणारा गुलाबी रंग आणि चार पाकळ्या टाकल्या की नायिकेची धडधड न बोलता कळते. चायनीजमध्ये पीचच्या पाकळ्या उडतात त्या तर अजिबात उगाच नसतात, तिकडे प्रेमाच्या योगाला पीच ब्लॉसमचं नशीबच म्हणतात, आणि बोटाला लाल दोरा दिसला की समजायचं जोडी वरूनच बांधलेली आहे.

वाड्यांचं कारण मात्र वेळ. दर आठवड्याला एक भाग, त्यात साठ-सत्तर रंगीत पॅनेल म्हणजे चित्रांच्या चौकटी, मग आर्टिस्ट तयार थ्रीडी मॉडेल विकत घेतात आणि स्केचअप किंवा क्लिप स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून वापरतात, तेच मॉडेल आणखी कितीतरी जण घेतात म्हणून तोच जिना, तेच झुंबर. चहाचा सीन झूम करून बघा, झुंबराचा एकेक लोलक कोरल्यासारखा, खुर्चीच्या कडा पट्टीने मारलेल्या बारीक सरळ, आणि नायिकेच्या हाताची रेघ जाड, मऊ. कधीकधी ती बसलेली असते पण बूड खुर्चीला टेकलेलंच नसतं!

तरी मला त्याचा राग येत नाही, एवढ्या कामात हात दुखून येत असतील त्यांचे. जिथे मागे नुसतं पांढरं सोडलंय तिथे बहुतेकदा चेहऱ्यात जीव ओतलेला असतो, तिथे मी थांबून बघते. खटकतं ते एवढंच की काही ठिकाणी वडील वारल्याच्या पॅनेललाही तोच चमचमीचा ब्रश फिरवतात, तिथे खरंच वाईट वाटतं, कारण त्या रडण्यासाठी आपण चाळीस भाग वाट बघितलेली असते.