शाळेत भरून घेतलेली प्रश्नावली जाते कुठे?

प्रश्न : मुलगी सरकारी शाळेत सातवीत आहे. समुपदेशकांनी सगळ्या वर्गाकडून झोप, भीती, घरातली भांडणं यांविषयी प्रश्नावली भरून घेतली. आम्हाला आधी कळवलं नाही. आता वर्गशिक्षिका म्हणतात, 'तिचे गुण जास्त आलेत.' हा शिक्का दाखल्यावर येईल का? – एक पालक, डिचोली

उत्तर : शाळा सोडल्याच्या दाखल्यात यासाठी रकानाच नसतो, ती धास्ती सोडा. पण हे गुण वर्गशिक्षिकेपर्यंत पोचले कसे, हे विचारायलाच हवं.

वर्गात सरसकट भरून घेतात ती चाळणी असते, निदान नव्हे. मुलांच्या भावना आणि वागणं चाचपणारी एसडीक्यू ही प्रश्नावली उदाहरणादाखल घ्या. 25 विधानं, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. त्यांतल्या 20 विधानांची बेरीज 40 पैकी; ती जास्त, म्हणजे त्रासाची शक्यता जास्त. डोकं-पोट वारंवार दुखतं, हे त्यातलं एक. रोज उपाशीपोटी शाळेत येणारं मूलही तिथे खूण करतं आणि गुण भावनिक त्रासात धरले जातात. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी विधान उमगलं नाही, तरी आकडा फुगतो. म्हणून पुढची पायरी मुलीशी स्वतंत्र बोलण्याची. निदान मनोविकारतज्ज्ञाने किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञानेच करायचं. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात ही सोय आहे.

आता मुख्याध्यापकांना अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कोरी प्रश्नावली मागा. ती कोणाच्या आदेशाने घेतली, भरलेले कागद कोणाच्या कुलपात आहेत, नष्ट कधी करणार, हे विचारा. गूगल फॉर्म असेल तर उत्तरांचा तक्ता कोणाकोणाला उघडतो? माहिती फुटते ती इथेच. नावांसकट यादी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जाते. कागदावर फक्त क्रमांक आणि नावांची यादी एकट्या समुपदेशकांकडे, असा आग्रह धरा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा; त्याला 30 दिवसांची मुदत असते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण ही तरतूद त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होते. तोवर पालक-शिक्षक संघात लेखी संमतीचा ठराव करून घ्या.

मुलीने काय लिहिलं ते मात्र तिला खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर पोक्सो या बालसंरक्षण कायद्याने समुपदेशकांना ती पोलिसांना कळवावीच लागते; बाकीचं तिचं तिच्यापाशी राहू द्या. समुपदेशकांना भेटायला जाल, तेव्हा तिला सांगून जा.