'नवतारा' म्हणजे नुकताच जन्मलेला तारा का?

अमळनेरच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय की, एका मुलाने जन्माला येणाऱ्या ताऱ्याला वहीत 'नवतारा' लिहिलं आहे, ते बरोबर धरावं का?

ताई, समास चोख आहे, पण खगोलशास्त्रात या शब्दाचा सातबारा आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे. 1572 मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेला शर्मिष्ठा तारकासमूहात पूर्वी कधी न दिसलेला तारा दिसला. त्याने लॅटिनमध्ये त्याला 'नवा तारा' म्हटलं, आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात तो एका मृत ताऱ्याचा स्फोट होता. अशांना आता अतिनवतारा म्हणतात. साधा नवतारा म्हणजे शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणारा श्वेतबटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो वायू पृष्ठभागावर एकदम पेटतो आणि मग विझत जातो. नाव नवं, वय म्हातारं!

जन्मणाऱ्यासाठी 'आदितारा' वापरा. उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास गारठलेल्या वायू-धुळीच्या मेघाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळतो, गाभा तापत जातो, तो आदितारा. गाभ्याचं तापमान सुमारे 1 कोटी अंशांवर गेलं आणि हायड्रोजनचं हेलियम होऊ लागलं, की नुसतं 'तारा' म्हणावं. सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथवर पोचायला काही कोटी वर्षं लागतात, म्हणून कोणी एकच आदितारा बघत बसत नाही. वेगवेगळ्या वयाचे अनेक बघून क्रम लावतात. दृश्य प्रकाश धुळीत अडतो, त्यामुळे जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांनी, तर चिलीमधली आल्मा मिलिमीटर लहरींनी आत डोकावते.

मुलांना उदाहरणं द्यायची तर आपल्या खान्देशात सोपं आहे. कपाशीवाल्या घरात रोहिणी आणि मृग ही नावं पाठ असतात. मात्र 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृगात आला, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळसारख्या अंधाऱ्या जागी बघा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली (जुनी माणसं तिकांडं म्हणतात) नुसत्या डोळ्यांना एक पुसट डाग दिसतो. तो तेजोमेघ सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यात आजही तारे घडताहेत. रोहिणीच्या ताऱ्याच्याच दिशेला, पण त्याच्या बऱ्याच मागे, एचएल टॉरी नावाचा तारा आहे. आल्माने 2014 मध्ये त्याच्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतली कडी टिपली. त्याचं वय जेमतेम 10 लाख वर्षं, म्हणून त्याला मी 'बालतारा' म्हणेन.