सातबारा कोरा आहे, पण जागा नेमकी कुठे आहे?

तुम्ही विचारलंय की पुण्याजवळ 12 गुंठे जागा बघताय, एजंट म्हणतो ‘यलो टच आहे, सातबारा कोरा आहे, तारेचं कुंपणही आहे’. तर झोन, गट, गावठाण, हद्द या शब्दांचा अर्थ काय आणि विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी काय बघायचं? मी भूकरमापक होतो, म्हणजे शेतात जाऊन मोजणी करणारा. आता निवृत्त आहे. नोकरीत अशी कितीतरी माणसं बघितली, जी आयुष्याची पुंजी देऊन झाल्यावर मोजणीला आली. तुम्ही आधी विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातबाऱ्यावरून जमीन कोणाची आणि किती, एवढं कळतं. ती कुठून कुठपर्यंत आहे हे कळत नाही आणि तिच्यावर काय बांधता येईल हेही कळत नाही. सातबारा तलाठ्याकडचा, हद्दीचं दप्तर भूमी अभिलेख कार्यालयात आणि झोनचे नकाशे नगर रचना विभागात किंवा तुमच्या भागात पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. लोक पहिला कागद बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

आधी झोन. 1966 च्या नगर रचना कायद्याखाली प्रादेशिक योजना आणि विकास आराखडे तयार होतात. त्यांच्या नकाशात रहिवास विभाग पिवळा रंगवतात आणि शेती विभाग हिरवा, म्हणून यलो झोन आणि ग्रीन झोन. ‘यलो टच’ नावाचा झोन कुठल्याही नकाशात नाही. पिवळ्याला लागून म्हणजे पिवळ्याच्या बाहेर, एवढाच त्याचा अर्थ. झोन आणि एनए हेही एक नव्हे. जमिनीवर काय करायला योजनेची मुभा आहे ते झोन सांगतो, तर एनए ही महसूल खात्याकडची बाब, शेतजमिनीचा बिगरशेती वापर. गावठाण आणखी वेगळं, ती गावाची मूळ वस्ती. तिथे सातबारा नसतो, नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका असते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून कोणी मालकी सांगत असेल तर लक्षात ठेवा, ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे.

आता खरी मेख. झोन दाखला मिळतो गट नंबरवर. गट म्हणजे एका नंबराखालची अख्खी जमीन. तुम्ही मात्र गट घेत नाही, गटातला तुकडा घेता. एका गटाची मोजणी आठवते. तीन हेक्टरांच्या वरचा गट होता आणि दाखल्यावर स्पष्ट लिहिलं होतं, ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’. झोनची रेषा गटाच्या मधून जात होती. विकणाऱ्याने ‘रहिवास’ हा शब्द दाखवला, घेणाऱ्याने ‘अंशतः’ वाचलाच नाही. मोजणी करून भाग नकाशाशी, म्हणजे झोनच्या नकाशातल्या त्या गटापुरत्या भागाशी, ताडून बघितलं तेव्हा त्याचा प्लॉट पूर्णपणे हिरव्यात निघाला. तो गृहस्थ बांधावर खाली बसला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून दाखल्याबरोबर भाग नकाशा मागा आणि आपला तुकडा त्यात कुठे बसतो ते मोजणीच्या नकाशावरून ठरवा. आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण त्यावरून जातंय का तेही त्याच नकाशात दिसेल. ओढा-नदी जवळ असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र बांधकामाला निषिद्ध असतं.

हद्दीबद्दल मात्र मी थोडं जास्त बोलणार, कारण जन्म त्यात गेला. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. बांध म्हणजेही हद्द नव्हे. बांध दरवर्षी नांगराच्या फाळाने थोडाथोडा सरकतो आणि वीस वर्षांत शेजारी चार काकऱ्या आत येतो. प्रत्यक्ष कसतात त्याला आम्ही वहिवाट म्हणतो आणि दप्तरातल्या हद्दीशी ती पुष्कळदा जुळत नाही. मूळ सर्व्हे नंबर इंग्रजी अमदानीत पडले, साखळीने मोजून. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, तोच गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. पुढे 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना जिथे राबवली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात एक नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर दुसरा, असं दिसलं तर दचकू नका, पण दोन्हींचा मेळ लावून घ्या. एजंट गुंठ्यात बोलतो आणि सातबारा आरमध्ये. आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. 12 गुंठे म्हणजे 13,068 चौरस फूट, 12 आर म्हणजे 12,917 च्या आसपास. भाव कशावर ठरला ते लिहून घ्या.

पोटखराबाही बघा, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन. वर्ग ‘ब’चा पोटखराबा रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामांसाठीचा असतो. एकूण क्षेत्रात तो दिसतो, पण तुमच्या वापराचा नसतो.

सातबारा सामाईक असेल तर थांबा. चार भावांच्या नावच्या गटातून एका भावाने तुम्हाला 12 गुंठे विकले तरी ते कुठल्या कोपऱ्यातले हे दप्तराला माहीत नसतं. आधी वाटप, पोटहिस्सा मोजणी म्हणजे प्रत्येकाच्या हिश्शाची वेगळी मोजणी, वेगळा सातबारा, मग खरेदी. खरेदीखतातल्या चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्याची जमीन’ एवढंच असेल, तर अमक्याने जमीन विकली की त्या ओळीवरून काहीच सिद्ध करता येत नाही.

मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्यानेच करायचा असतो, म्हणून तो विकणाऱ्याला करायला लावा. हद्द कायम मोजणी मागा, म्हणजे दप्तराप्रमाणे हद्द जागेवर खुणा करून दाखवणारी. लगतच्या सगळ्या धारकांना नोटिसा जातात. त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा आणि शेजारीही आलेत ना ते बघा. शेजाऱ्यासमोर ठोकलेली खूण टिकते, त्याच्या पाठीमागे ठोकलेली पुढच्या पेरणीपर्यंतसुद्धा राहत नाही. मोजणीनंतर ‘क’ प्रत मिळते, तिच्यात दप्तराची हद्द आणि वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते. दोन रेषांमध्ये फरक असेल तर तो वाद विकणाऱ्याने मिटवायचा, तुम्ही नव्हे.

राहिल्या दोन गोष्टी. शेतजमीन घ्यायला कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे तुम्ही शेतकरी असावं लागतं. आणि ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेत बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीचा लहानात लहान चालणारा तुकडा, बागायत 10 गुंठे, जिरायत 20 गुंठे ठरलं. तुमचे 12 गुंठे जिरायत असतील तर दस्त नोंदवला जाईल का हे दुय्यम निबंधकांकडे आधीच विचारा.

झोन दाखला, भाग नकाशा आणि ‘क’ प्रत हातात येईपर्यंत विसार देऊ नका. द्यावाच लागला तर साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, लिहून घ्या की मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा तुकडा रहिवास विभागाबाहेर निघाला तर पूर्ण रक्कम परत.