दहा बाय बाराच्या हॉलमध्ये जुन्या एक्सबॉक्स ३६० वर कायनेक्ट स्पोर्ट्स खेळता येईल का?

येईल, पण दर वेळी सोफा सरकवायची तयारी हवी. कायनेक्ट म्हणजे एक्सबॉक्स या गेम कन्सोलला जोडायचा, शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा. त्याला एकट्या खेळाडूसाठी साधारण सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर लागतं. टीव्ही हॉलच्या लांबीच्या टोकाला असेल तर दोघं खेळू शकाल. रुंदीच्या बाजूला असेल तर टीव्ही युनिट आणि सोफा वजा जाता आठ फूट उरणं कठीण, मग एकेकट्याने खेळा.

ऊन बघा. कायनेक्ट समोर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकतं आणि त्यांच्या नक्षीत पडलेल्या फरकावरून कोण किती लांब आहे ते ओळखतं. त्यामुळे अंधार चालतो, पण थेट ऊन आत आलं की ते ठिपके पुसले जातात. पश्चिमेला खिडकी असेल तर संध्याकाळी जाड पडदा ओढा.

२०१० च्या कायनेक्ट स्पोर्ट्स या गेममध्ये सहा खेळ आहेत, पण सगळे सारखे जमलेले नाहीत. तुमची हालचाल टिपून पडद्यावर यायला किंचित उशीर होतो. टेबल टेनिसमध्ये तो खटकतो. माझ्या मते नाव काढण्यासारखं तिथे काही नाही. बोलिंगमध्ये उशिराने काही बिघडत नाही, हात वळवून स्पिनही देता येतो. शिवाय पाळीपाळीने खेळायचं, म्हणजे एका वेळी एकच माणूस उभा. छोट्या हॉलला आणि आजी-आजोबांना याच्यासारखा खेळ नाही. साडी किंवा पायघोळ गाऊन असला की कॅमेऱ्याला पाय नीट ओळखता येत नाहीत, पण बोलिंगमध्ये काम हाताचंच. मुलं मात्र ॲथलेटिक्सच मागतील: जागच्या जागी गुडघे उचलून धावायचं, अडथळा आला की उडी. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर दुपारी नकोच!

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये कायनेक्टचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता बहुधा सेकंडहँडच मिळेल. सुरुवातीच्या जाड ३६० ला कायनेक्टसाठी वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, नंतरच्या स्लिमला नाही. गेमची डिस्कच घ्या, कारण ३६० चं ऑनलाइन स्टोअर जुलै २०२४ मध्ये बंद झालं. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या घरीच बोलिंगचा एक डाव टाकून बघा.