चाकोरी पुढची रुंद की मागची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी चाकांबद्दलचे प्रश्न एकदम आलेत, पहिल्याचं उत्तर लांबलंय पण इलाज नाही, कारण स्पेसर (चाक बाहेर सरकवायला रिमच्या मागे बसवायची जाड चकती) टाकू का हे विचारणारं ते एकटंच पत्र नव्हतं.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी जुनी छोटी हॅचबॅक आहे, कराड-चिपळूण महिन्यातून दोनदा तरी होतंच. कुंभार्ली घाटात वळणावर गाडी फार झुकते, मागे बसलेली आई तर वरचं हँडल सोडतच नाही. मॅन्युअलमध्ये पुढचा ट्रॅक १२९५ मिमी आणि मागचा १२९० मिमी लिहिलाय. मागची चाकं आत असल्यामुळे असं होतं का? गॅरेजवाला म्हणतो मागे वीस-वीस एमएमचे स्पेसर टाकू, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. टाकू का? वर कॅरिअर आहे, सीझनला येताना आंब्याच्या पेट्या असतात.
— एक वाचक, कराड

उत्तर : टाकू नका. आता का ते सांगतो.

बैलगाडीच्या चाकांनी मातीत दोन रेघा पडतात ती चाकोरी, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ट्रॅक. डाव्या टायरच्या मधोमधपासून उजव्या टायरच्या मधोमधपर्यंत मोजायचं, बस. तुमच्या गाडीत पुढे-मागे ५ मिमीचा फरक आहे म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच मिमी, नाण्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त, याने वळणावर काही म्हणजे काही होत नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये पुढे १२१५ आणि मागे १२०० होता. आणि टोकाचं उदाहरण पाहिजे तर १९५५ ची फ्रेंच सिट्रोएन डीएस बघा, पुढे १५०० मिमी आणि मागे १३००, तब्बल वीस सेंटीमीटरचा फरक, आणि ती गाडी रस्ता धरून चालण्यासाठीच नावाजली गेली. इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, वजन पुढे, मग रुंद पाय पण पुढेच.

आता गाडी वळते तेव्हा काय होतं बघा. आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं याचा हिशोब सोपा आहे, गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची (गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूची) उंची आणि याला भागिले ट्रॅक. माणसांसकट गाडी १००० किलो धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर, आणि वळण जरा जोरात घेतलं म्हणजे ०.४ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.४ पट जोर बाजूला. ट्रॅक १.३ मीटर. उत्तर येतं साधारण १६९ किलो. म्हणजे सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५००-५०० असतात ते वळणावर बाहेर ६६९ आणि आत ३३१ होतात.

आता स्पेसर टाका. मागेच कशाला, चारही चाकांना वीस-वीसचे टाका, ट्रॅक १.३४ झाला, सरकणारं वजन १६४ किलो. फायदा झाला ५ किलोचा!

आणि आता स्पेसर काढा आणि कॅरिअरवर ५० किलोच्या पेट्या ठेवा. त्या पेट्या जमिनीपासून दीडेक मीटरच्या वर, १.६ धरा. गाडीचा गुरुत्वमध्य ५५ वरून ६० सेंटीमीटरवर जातो आणि सरकणारं वजन १९४ किलोवर. म्हणजे २५ किलो वाढले. स्पेसरने जेवढं कमावलं असतं त्याच्या पाचपट आंब्यांनी घालवलं. पेट्या डिकीत ठेवा, मावत नसतील तर एक फेरी जास्त मारा पण वर नको, आणि एरवी रिकामं कॅरिअर पण काढून ठेवलेलं बरं.

वजन सरकलं तर बिघडतं काय, शेवटी बेरीज तेवढीच ना? बेरीज वजनाची तेवढीच राहते, पकडीची नाही. टायरवर दुप्पट भार दिला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून बाहेरच्या टायरने जे कमावलं त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावलेलं असतं. ज्या एक्सलवर (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) ही सरकासरकी जास्त, तो एक्सल आधी सुटतो, म्हणजे घसरतो. पुढचा आधी सुटला तर स्टिअरिंग वळवूनही गाडीचं तोंड बाहेर जात राहतं, मागचा आधी सुटला तर शेपूट फेकली जाते. घरच्या गाडीला पहिली खोड परवडते कारण माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बहुतेक वेळा सावरते, दुसरीत घाबरून पाय उचलला तर उलट जास्तच फिरते. आता फक्त मागचा ट्रॅक वाढवला तर मागची पकड किंचित वाढेल, म्हणजे पुढची आधी सुटायची जी सवय आहे तीच वाढेल, घाटात तोंड अजून बाहेर! गॅरेजवाल्याला हे विचारा आणि काय म्हणतो ते मला कळवा.

अजून एक. झुकणं आणि वजन सरकणं एक नाही. झुकणं दिसतं, सरकणं दिसत नाही. स्प्रिंगच्या जागी लोखंडी ठोकळे बसवले तरी वजन सरकणारच, फक्त आईला ते कळणार नाही. तुमचं दुखणं झुकण्याचं आहे तर तिथे बघा: शॉकअप गळतायत का, पुढे अँटी-रोल बार (झुकणं कमी करणारा दांडा) असेल तर त्याचे बुश आणि लिंक ढिल्या झाल्यात का, आणि हवा. माणसं भरल्यावर मागच्या टायरला हवा किती पाहिजे ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते कोणीच वाचत नाही. मी स्वतः पाच वर्षं नाही वाचलं.

प्रश्न : स्पेसर मागे नको तर पुढे टाकले तर? आणि १४५ चे टायर काढून १६५ चे टाकले तर ट्रॅक वाढेल ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरं आधी. नाही वाढणार. ट्रॅक मधोमधपासून मधोमधपर्यंत मोजतात, त्याच रिमवर जाड टायर चढवला तर तो आत आणि बाहेर सारखाच फुगतो. ट्रॅक बदलतो रिमच्या ऑफसेटने, म्हणजे रिम गाडीला जिथे बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे त्याने. रिमवर ईटी ४५ असं कोरलेलं असतं, त्याजागी ईटी ३५ ची रिम आली की प्रत्येक चाक १० मिमी बाहेर आणि ट्रॅक २० मिमी जास्त.

पुढच्या स्पेसरची भानगड वेगळी आहे. पुढचं चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला टायरच्या मधोमधच्या आसपास टेकावी अशी कंपनीने बसवलेली असते. चाक वीस मिमी बाहेर ढकललं की ती जागा सुटते, मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि एका बाजूला ओली माती नि दुसऱ्या बाजूला डांबर असताना ब्रेक मारला तर गाडी एकीकडे ओढते. व्हील बेअरिंगवर लिव्हरसारखा जास्तीचा ताण पडतो तो वेगळाच, आणि बाहेर आलेला टायर भरल्या गाडीत फेंडरला घासला तर आवाजानेच कळेल. उलट टायरचे पैसे खर्च करणारच असाल तर कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलाय तोच साइज, चांगल्या दर्जाचा घ्या, घाटात त्याचा फरक खरंच जाणवतो.

प्रश्न : आमच्याकडे नॅनो आहे. पुढचे आणि मागचे टायर वेगळे का? टायर रोटेशन (टायरच्या जागा आपसात बदलणं) करताना पुढचे मागे टाकू नका असं मी म्हणालो, त्यावरून गॅरेजमध्ये वाद झाला.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : वाद तुम्ही जिंकलात. नॅनोला पुढे १३५ चे आणि मागे १५५ चे टायर आहेत, इंजिन मागे म्हणून भार मागे. चारही सारखे असते तर मागची बाजू आधी सुटली असती. पुढे मुद्दाम अरुंद टायर देऊन पुढची पकड थोडी आधी संपेल अशी सोय केलीय, म्हणजे ट्रॅकला हात न लावता टायरच्या रुंदीने तोच तोल साधला. पुढचे मागे टाकायचे नाहीत, रोटेशन फक्त डावं-उजवं, आणि टायरवर दिशेचा बाण असेल तर तेही नाही.

प्रश्न : रिक्षा वळणावर ब्रेक मारल्यावरच का कलते, नुसत्या वळणाला का नाही?
— एक रिक्षावाला भाऊ, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, तुमच्या रिक्षाला मागे ट्रॅक आहे, पुढे शून्य. चाकं टेकतात त्या तीन जागा जोडल्या तर त्रिकोण होतो, रुंद बाजू मागे आणि टोक पुढे. ब्रेक मारला की वजन पुढे टोकाकडे जातं, जिथे आधाराला रुंदीच नाही, आणि वळण त्याच वेळी बाजूला ढकलत असतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि सवारी एकच असेल तर तिला मधोमध बसायला सांगा.