हेलपाटे मोजायला शीक

शहादा,
मृग नक्षत्राचा पहिला आठवडा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

दाखल्यांच्या नव्या अ‍ॅपचा तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. काम नेटके आहे आणि ते मनापासून केले आहेस, हे पानोपानी जाणवते. मात्र त्यातले पहिले चित्र लॉगिनचे आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते तिथूनच सुरू होते. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या बापाच्या दृष्टीने जातीच्या दाखल्याचे काम लॉगिनपासून सुरू होत नाही. बारावीचा निकाल लागतो त्या संध्याकाळी, कोणते कागद लागतील हे विचारायचे तरी कुणाला, या काळजीपासून ते सुरू होते. दाखला हातात पडला तरी ते संपत नाही, कारण पुढे महाविद्यालयाची खिडकी, जात पडताळणी समितीचा अर्ज आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे सरकारी पोर्टल, हे सारे बाकीच असते. हा अख्खा रस्ता म्हणजे सेवा, आणि तुझे अ‍ॅप त्या रस्त्यावर मध्येच कुठेतरी येते.

मी नोकरीत असतानाची एक गोष्ट सांगतो. ज्या कार्यालयात मी होतो, तेथे मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांचा तक्ता दर सोमवारी वर जाई आणि आमचा तक्ता नेहमी चांगला असे. एके दुपारी जिन्यात बसलेल्या एका शेतकऱ्याने मला थांबवून विचारले, "भाऊ, आते कितल्या चकरा मारू?" त्याची ती चौथी खेप होती. कधी शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर आडनाव वेगळे निघाले, कधी शिधापत्रिकेची मागची बाजू जोडायची राहिली. प्रत्येक वेळी त्याचा अर्ज त्रुटी काढून बंद झाला आणि त्याने नवा अर्ज भरला. मी नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा आमच्या तक्त्यात तो एक माणूस नव्हता. मुदतीत सेवा मिळालेले चार वेगवेगळे अर्जदार म्हणून तो नोंदला गेला होता. त्या तक्त्यावर सही माझी होती, आणि ते मला अजून बोचते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा चांगला कायदा आहे. त्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत दिली, दोन अपिले दिली, वर आयोग दिला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंडही ठेवला. पण कायद्याचे घड्याळ कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज आल्यावर चालू होते, आणि माणसाचे घड्याळ त्याने मजुरी बुडवून जीपमध्ये पाय ठेवला तेव्हाच चालू झालेले असते. या दोन घड्याळांमधले अंतर कुठल्याच अहवालात येत नाही. तू ते मोजायला सुरुवात कर. एकाच माणसाचे सगळे अर्ज एकमेकांना जोड, किती हेलपाटे झाले ते विचार, आणि तो आकडा निकाली अर्जांच्या आकड्याशेजारी लिही. अ‍ॅपआधी मला हे हवे आहे.

त्यानंतर एक आठवडा आपले सरकार सेवा केंद्रात केंद्रचालकाच्या मागे स्टूल टाकून बस. अर्ज कोण भरते, ते तुला तिथे दिसेल. पाड्यावरचा माणूस पोर्टल क्वचितच पाहतो; तुझा खरा वापरकर्ता पुष्कळदा तो चालकच असतो. तो फोटो ठरावीक केबीत बसवतो, सर्व्हर बंद पडला की रात्री पुन्हा बसतो आणि अर्जात कधी कधी स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो. मग अर्जात त्रुटी निघाल्याचा संदेश चालकाच्या फोनवर पडून राहतो आणि अर्जदार पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो, तेव्हा त्याला कळते. केवळ अर्जदारासाठी सोपी केलेली आणि चालकासाठी अवघडच राहिलेली व्यवस्था आपल्याकडे टिकणार नाही.

नावांकडे विशेष लक्ष दे. पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे इंग्रजीत लिहिताना आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे स्पेलिंग होते. 'ळ' तर त्या लिपीत नाहीच. संगणक अक्षराला अक्षर जुळवतो आणि माणूस नापास होतो. इथे चूक अर्जदाराची नसते, त्यामुळे ती दुरुस्त करण्याचा भारही त्याच्यावर टाकू नये. जवळपास जुळणारी नावे तपासणाऱ्या माणसापुढे निर्णयासाठी यावीत, एवढी सोय तुला सहज करता येईल.

काही अडचणी मात्र पडद्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर तेव्हा शाळाच नव्हती, तिथल्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? अशा वेळी 'कागद अपलोड करा' हे बटण कितीही सुंदर केलेस तरी उपयोग नाही. जुने महसुली अभिलेख प्रशासनाकडेच असतात. ते शोधून देण्याची जबाबदारी अर्जदाराकडून कार्यालयाकडे कशी आणता येईल आणि कागद नसल्यास चौकशीचा मार्ग त्याला आधीच कसा सांगता येईल, हा सेवेच्या रचनेचाच प्रश्न आहे. तो वरिष्ठांपुढे मांडायला घाबरू नकोस.

ब्रिटनचे उदाहरण तू दिले आहेस. तिथे २०११ साली गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस स्थापन झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विखुरलेल्या सरकारी संकेतस्थळांच्या जागी एकच संकेतस्थळ सुरू झाले. त्यांचे पहिले तत्त्व होते: वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करा. त्यांची रंगसंगती तू घेतली आहेस, ती नाही घेतलीस तरी चालेल. आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग लहान नमुना करून थोड्या लोकांवर पाहायचा, आणि चुकला तर निमूट टाकून द्यायचा, ही त्यांची सवय मात्र घे. आपल्याकडे निविदा आधी निघते आणि गरज नंतर समजते, म्हणून ही सवय तुला जड जाईल.

खानदेश यात मागे आहे, असे कुणी म्हटले तर ऐकून घेऊ नकोस. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नर्मदेच्या फुगवट्यातल्या पाड्यांसाठी याच जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालला. रस्ता नाही तर बोट, असा विचार कुणीतरी केला म्हणूनच ना? तसाच विचार कागदांबाबत करायचा आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब अर्जाच्या हंगामात घरी असतेच असे नाही, आणि कोयता धरून झिजलेली बोटे यंत्रावर उमटतीलच असेही नाही. तुझ्या आराखड्यात या दोघांना वाट ठेव.

चाचणीविषयी एक सूचना. लोकांना 'समजले का' असे विचारू नकोस. समोर सरकारी माणूस दिसला की आपली माणसे भिडेपोटी हो म्हणतात. त्यांच्या हातात फोन दे, काय करायचे ते एकदा सांग आणि मग गप्प बस. बोट कुठे थांबते ते पाहा. 'अधिवास', 'वैधता', 'उन्नत गट' हे शब्द अहिराणी आणि पावरी बोलणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून बघ, आणि ते त्या शब्दांऐवजी जे बोलतील ते वहीत लिहून घे.

कार्यालयातल्या लिपिकांना विरोधक समजू नकोस. जास्तीचा प्रत्येक कागद कधीतरी एखाद्या चौकशीच्या भीतीतून जन्मलेला असतो. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ झाले होते. तरी त्यानंतर कितीतरी वर्षे लोक स्टँप पेपर घेऊन रांगेत उभे राहिलेले मी पाहिले. तेव्हा मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी कर, प्रत्येकासमोर तो कोणत्या नियमाने किंवा शासन निर्णयाने लागतो ते लिही, आणि ज्याच्यासमोर काहीच लिहिता येणार नाही तो कागद लिपिकाशी बोलून, साहेबांची लेखी संमती घेऊन काढून टाक. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकार स्वतःच ऑनलाइन देते, मग त्याची छापील प्रत अर्जदाराने का आणावी, हा पहिला प्रश्न तिथेच विचारता येईल.

पुढच्या पंधरवड्यात दाखल्यांची गर्दी शिगेला पोहोचेल. तेवढे दिवस लॅपटॉप बंद ठेव आणि केंद्रावर जा. नंतर शहाद्याला ये. आराखडा आणला नाहीस तरी चालेल, पण वही आण.

तुझा,
काका