वासाने जुनी आठवण एकदम का जागी होते? सुगंधाने मूड खरंच बदलतो का?

माठातल्या वाळ्याचा वास आला की आजोळचा उन्हाळा आठवतो, असं तुम्ही लिहिलंय. आणि लॅव्हेंडरच्या तेलाने मन शांत होतं हे खरं का, असंही विचारलंय. पहिली गोष्ट अगदी खरी. दुसरी अर्धी खरी.

डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमसकडे जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाचा रस्ता निराळा आहे. नाकाच्या छताशी असलेल्या पेशी आपला निरोप लगतच्या ऑल्फॅक्टरी बल्बला, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या केंद्राला देतात आणि तिथून तो थॅलॅमसला वळसा घालून अमिग्डालापर्यंत पोचतो. भीती, माया, किळस या भावनांशी त्या भागाचा जवळचा संबंध आहे. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस त्याच्या शेजारीच. त्यामुळे पुष्कळदा आधी गलबलून येतं आणि वास कशाचा ते मागाहून सुचतं.

हा वास नाकाला कळतो कसा, याचा उलगडा लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१मध्ये केला. २००४चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे वासाचे रेणू टिपणारे घटक असतात आणि कोणते ग्राहक एकत्र जागे झाले यावरून मेंदू मोगरा कोणता, केवडा कोणता ते ओळखतो.

आजोळच का आठवतं, तेही सांगतो. स्वीडनमधल्या वयस्कर लोकांवर प्रयोग झाले. शब्द किंवा चित्रं दाखवली तेव्हा त्यांना जास्त करून किशोरवयातलं, तरुणपणातलं आठवलं. वास दिला तेव्हा मात्र वयाच्या पहिल्या दहा वर्षांतलं वर आलं. बहुतेक वास आपल्याला लहानपणीच पहिल्यांदा भेटतात आणि ती पहिली गाठ फार घट्ट बसते.

मूडचं बरंचसं उत्तर या गाठीतच आहे. विंटरग्रीन या झुडपाचा वास अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांमुळे लोकांना आवडतो. ब्रिटनमध्ये तोच वास दुखऱ्या अंगाला चोळायच्या औषधांचा, म्हणून तिथल्या जुन्या पिढीला नकोसा. रेणू तोच! लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी द्रव्याचं थोडं वेगळं आहे: जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात त्याच्या नुसत्या वासाने उंदरांची बेचैनी कमी झाली, पण ज्यांची वासाची जाणीव नष्ट केली होती त्या उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे काम नाकातूनच होतं. तरी उंदीर तो उंदीर. नैराश्याच्या गोळ्या बंद करून तेलाची बाटली घ्या, असं कुणी सांगत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नका.

सुगंधाची किंमत मला आईमुळे कळली. कोविडनंतर तिची वासाची जाणीव गेली. गॅसवर दूध करपून घरभर वास सुटलेला, आणि ती ओट्याशीच मेथी निवडत बसलेली. "जेवण नुसतं गरम लागतं, बाकी काही नाही," म्हणायची. स्वयंपाकातलं तिचं मनच उडालं, बोलणं कमी झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला वासाचा सराव दिला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. जर्मनीतले संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून आशा असते. आईला सगळ्यात आधी लवंग लागली, तीही पुसटशी. फोडणीतला हिंग बऱ्याच उशिरा आला.

तुमच्या घरात कुणाची वासाची जाणीव सर्दी नसताना कमी झाली असेल तर ते वयावर ढकलू नका. पार्किन्सनमध्ये हातांचा कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी ही जाणीव मंदावलेली असू शकते. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.